उतरण

(काळा पडदा. एक दगड घरंगळतो. आवाज खाली, आणखी खाली जात राहतो.)

ऐकलात? तो दगड अजून थांबलेला नाही.

नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत, उतरताना पहिल्यांदा शिकवतात ते हे. पायाखालून दगड सुटला तर लाजत बसायचं नाही, "दगड!" म्हणून बोंब ठोकायची. खालच्यानं वर बघायचं नाही, जवळच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. गाठी, दोर, हार्नेस म्हणजे कमरेला बांधायचे पट्टे वगैरे सगळं त्यानंतर.

(पहाट. डोक्यावरच्या बॅटऱ्यांचे झोत. कारवीची सुकलेली झुडपं.)

जानेवारीचा महिना. आम्ही आठजण मोहरी गावातून निघालोय. राजगड-तोरण्याच्या मागच्या अंगाला, घाटमाथा जिथं संपतो, तिथलं हे गाव. आम्ही मात्र सगळे महाडकडचे. म्हणजे काल दिवसभर गाडीनं वळसा घालून घाटावर आलो ते आज पायी आपल्याच मुलखात उतरायला. निघताना आईनं विचारलंच, "खालीच यायचंय तर वर जाता कशाला?" तेव्हा काही सुचलं नाही. हा माहितीपट म्हणजे थोडंफार तेच उत्तर.

कोकणातून बघितलं तर सह्याद्री डोंगर वाटत नाही, भिंत वाटते. पुण्याकडून येणाऱ्याला तो हळूहळू चढत जाताना भेटतो. आपण कधी वर आलो ते त्याला कळतही नाही, आणि मग अचानक पुढचं पाऊल टाकायला जमीनच नसते. आमच्याकडे ती जमीन हजारभर मीटर खाली असते. म्हणून आमच्या बाजूचा डोंगराचा खेळ मुळात उतरण्याचा आहे. चढाई होते, तिचे फोटोही चांगले येतात. पण कस लागतो तो उतरणीला.

(कड्याचे थर. कॅमेरा सावकाश वरून खाली.)

हे थर बघा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. काही थर टणक निघाले, काही ठिसूळ. टणकाचा कडा झाला. ठिसूळ झिजत गेला, तिथं पदर सुटला. कडा, पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. पदरात रान, झरा, एखादा धनगरवाडा. आणि जिथं खडकाला उभ्या भेगा होत्या तिथं पावसाचं पाणी घुसत राहिलं, भेगा रुंदावत राहिलं. त्या झाल्या नाळा. कोकणात उतरायच्या वाटा आधी पाण्यानं पाडल्या, माणूस मागाहून आला.

पाण्याला इथं किती घाई असते ते नद्यांवरून कळतं. कृष्णा आणि सावित्री दोघींचा उगम महाबळेश्वरला. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री थेट पोलादपुराकडे झेपावते, महाडला वळसा घालते आणि शंभरेक किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीत.

(वाट उतरू लागते. सूर्य अजून डोंगरामागे.)

पाण्यामागून माणसं आली, माणसांमागून बैल आले. मीठ आणि सुकी मासळी वर जायची, धान्य, गूळ, मिरची खाली यायची. त्या वाटांची नुसती नावं घेतली तरी काय वाढून ठेवलंय ते समजतं. निसणीची वाट, म्हणजे कुठंतरी शिडी लागणार. बोचेघोळ, फडताड नाळ, आग्या नाळ, सिंगापूर नाळ, शेवत्या, गोप्या, उपांड्या. मढे घाटाचं नाव तर थेट प्रेतावरून आलं असं सांगतात. १६७० साली कोंढाण्यावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेनं त्यांच्या उमरठ गावी नेला, अशी आमच्याकडची सांगी. आज त्याच घाटाच्या तोंडाशी पावसाळ्यात धबधब्यावरून दोर सोडून उतरायचे कार्यक्रम होतात. मला ते बघताना थोडं चमत्कारिक वाटतं, पण असो.

आपण उतरतोय ती बोराट्याची नाळ. वाटाड्या म्हणून पाने गावचे एक मामा आलेत. साठी केव्हाच ओलांडलेली, कमरेच्या आकडीला कोयता, पायात टायरच्या चपला. आम्हाला गाडीनं वर यायला दिवस लागला, तर मामा काल दुपारी जेवून निघाले आणि दिवेलागणीला मोहरीत हजर. याच नाळेनं. कॅमेऱ्यासमोर बोला म्हटलं तर म्हणाले, "त्यात काय बोलायचं? वाट हाय." आमच्या मुलाखतीचा तेवढाच भाग वापरण्यासारखा निघाला.

(नाळ. मोठमोठे धोंडे. माणसं बसून, हात टेकत उतरतायत.)

नाळेत कुठला दगड पक्का आणि कुठला नुसता टेकलेला, हे बघून कळत नाही. पाय ठेवायचा, वजन टाकायच्या आधी हलवून बघायचा, मग टाकायचं. मध्ये एक कातळटप्पा येतो, तिथं पहिला दोर. त्यापुढं नाळ सोडून आडवं जायचं. वीतभर वाट, एका हाताला काहीच नाही. याला डोंगरातले लोक दृष्टीभय म्हणतात. वाट एरवी चालता येण्यासारखीच असते, पण डोळे पायांना तसं पटवू देत नाहीत. आमच्यातला एकजण इथं बसला. कुणी हसलं नाही. मामा मागं आले, त्याच्या आणि दरीच्या मध्ये उभे राहिले आणि यंदा भात किती झालं ते सांगू लागले. पाच मिनिटांत तो उठला.

आणि मग खिंड. समोर लिंगाणा.

(लांबवर थांबलेलं दृश्य. फक्त वारा.)

उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम तीन हजार फूट. हिमालयातल्या माणसाला हसू येईल. पण खिंडीपासून वर जवळजवळ हजार फूट हा सुळका असा उभा आहे की मान मागं टाकल्याशिवाय माथा दिसत नाही. शिवकाळात इथं कैदी ठेवत. चढून गेल्यावर मधल्या उंचीला कातळात कोरलेली गुहा आणि पाण्याचं टाकं लागतं. तिथं बसून खाली बघितलं की पहारेकऱ्यांना फारसं काम नसणार हे लक्षात येतं.

चढाईबद्दल थोडक्यात सांगतो. पुढचा गडी दोर घेऊन चढतो, खालचा त्याला बिले देतो, म्हणजे त्याचा दोर सांभाळतो. पुढचा कातळात ठोकलेल्या बोल्टांत कॅरॅबिनर, म्हणजे उघडमिट होणारी कडी, अडकवत वर जातो, दोर पक्का करतो, बाकीचे त्या दोरावर जुमार, म्हणजे वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड, लावून येतात. सुट्टीच्या दिवशी या दोराला रांग लागते. इथं, सुळक्यावर, रांग. वरचा उतरल्याशिवाय खालच्याला जागा नाही, ऊन डोक्यावर, पाणी संपत आलेलं. एका दिवसात पन्नास माणसं लिंगाण्यावर नेऊन आणणं हा पराक्रम आहे असं मला वाटत नाही. आम्ही मंगळवारी आलोय.

(माथा. पश्चिमेला रायगड.)

समोर रायगड. याच गडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला. आता तिथं १९९६ पासून रोपवे आहे, आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आम्हाला इथून त्याचा कडा दिसतो आणि हिरकणी आठवते. संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेलेली गवळण. गोष्टीला कागद नाही, बुरूज मात्र आहे. आमच्याकडच्या पोरांना या गोष्टीत नवल वाटतं ते वेगळ्याच ठिकाणी. एवढी अवघड उतरण तिनं शोधून काढली, महाराजांनी तिचा मान केला, आणि पहिलं काम काय केलं? तिथं बुरूज बांधून वाट बंद केली.

(दोर सोडला जातो. त्याचं टोक हवेत हलतंय.)

आता उतरायचं.

चढताना माणूस आपल्या हातापायांवर असतो, दोर असतो तो सटकलं तर झेलायला. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरताना, पहिल्या क्षणापासून सगळा भार दोरावर. वर एक अँकर, म्हणजे दोर बांधलेली पक्की जागा, कमरेला एक डिसेंडर, म्हणजे दोराला ब्रेक लावणारं साधन, आणि मागं धरलेला आपला एक हात. यातलं एक जरी सुटलं तरी दुसरी संधी नाही. म्हणून अँकर दोन जागी बांधतात. म्हणून केस आणि ओढणी आत खोचायला लावतात, डिसेंडरमध्ये अडकलं तर माणूस मध्येच लटकतो. म्हणून दोराच्या शेवटाला गाठ मारतात. गाठ नसेल तर दोर कुठं संपला ते उतरणाऱ्याला संपल्यावरच कळतं. ही गाठ मारायला दहा सेकंद लागतात. कंटाळा येतो तो याच दहा सेकंदांचा.

आमचीही एक चूक झाली, ती झाकत नाही. जिथं दोर कातळाच्या धारेवरून जातो तिथं खाली पोतं घालतात. आम्ही घातलं होतं. चौथा गडी उतरल्यावर ते सरकलं आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही. सहावा उतरायच्या आधी दोरावरून हात फिरवला तेव्हा बोटांना खरखरीत लागलं.

(जवळून: दोराची रंगीत साल फाटलेली, आत पांढरे धागे.)

दोराला वर साल असते आणि आत गाभा. भार पेलतो तो मुख्यतः गाभा. साल गेली म्हणजे दोर लगेच तुटतो असं नाही. पण गाभा दिसला की त्या दोरावर माणूस सोडायचा नाही. दोर वर ओढला. दुसरा लावला, पोतं दोरीनं बांधून टाकलं. या सगळ्यात पाऊण तास गेला. मामा खिंडीतून ओरडून विचारत होते, झोपलात का म्हणून.

(पावसाळा. जुन्या चित्रफिती. धुकं, घाटरस्ता.)

दोराशी इतकं कडक का वागायचं, याचं दुसरंही कारण आहे. आमच्या भागात हाच दोर जुलैमध्ये दुसऱ्या कामाला लागतो.

२८ जुलै २०१८. पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली. ३० जण गेले. रस्त्यावरून खाली जायला वाट नव्हती. महाबळेश्वर, पोलादपूर, महाडकडचे गिर्यारोहक पावसात दोर बांधून उतरले आणि एकेक देह वर आणला. नंतर त्यांतल्या कित्येकांना त्या दिवसाबद्दल बोलता येत नव्हतं, अजूनही येत नाही.

२२ जुलै २०२१. महाड पाण्यात, आणि संध्याकाळी तळिये गावावर डोंगर आला. ८० हून जास्त माणसं गेली. डोंगरही उतरतो, हे आमच्या पिढीला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

त्यामुळे धबधब्यावरच्या रॅपलिंगची जाहिरात दिसली की मी आधी तारीख बघतो. आयोजकांची नोंदणी आहे का तेही विचारा. राज्य शासनानं २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ती मागितली आहे. आणि ओढ्यात असताना पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला, तर तिथं एक मिनिटही थांबू नका. वरच्या अंगाला पाऊस कोसळतोय असा त्याचा अर्थ, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी.

(कुंडलिका. राफ्ट, हसणं, पाण्याचे फवारे.)

उन्हाळ्यात लोक राफ्टिंगला, म्हणजे रबरी नावेतून खळाळत्या पाण्यात जायला, कोलाडला जातात. बाकीच्या नद्या आटलेल्या, आणि कुंडलिका सकाळी सकाळी खळाळत असते. कारण हे पाणी तिचं नाहीच. मुळशी धरणात अडवलेलं मुळा नदीचं पाणी, जे एरवी भीमेतून कृष्णेला आणि तिथून पूर्वेच्या समुद्राला गेलं असतं, ते सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. वीज झाली की ते कुंडलिकेत येतं, आणि पाणी सुटलं की राफ्ट सुटतात. भिऱ्याचं वीजघर १९२७ चं. त्या धरणात मावळातली गावं बुडाली, १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालं. हेल्मेट घालून "फॉरवर्ड, फॉरवर्ड" करताना हे कुणी सांगत नाही. सांगायला हरकत नसावी, राफ्टमध्ये बसायला पाच मिनिटं लागतातच.

(पुन्हा लिंगाणा. संध्याकाळ. पाने गाव.)

दिवस कलायच्या बेताला आम्ही गावात उतरलो. मामा आधीच पोचलेले, चहा उकळून दोनदा निवलेला. गुडघे थरथरतायत, अंगठ्यांची नखं बुटात आपटून काळी पडलीत. ओढ्यावर दोर धुवायला घेतले. साबण नाही, नुसतं पाणी. मग सावलीत पसरायचे, उन्हात नाही. प्रत्येक दोराची वही असते: कधी घेतला, कुठं वापरला, किती जण उतरले, कुठं घासला. पोरं एकेक फूट बोटांतून सोडत सांगत होती, एकजण लिहीत होता.

पाचव्या दोराच्या पानावर त्यानं आजची तारीख घातली. बोराट्याची नाळ, लिंगाणा, पाच माणसं. धारेवर साल गेली. बाद.

मामा हे सगळं बघत उभे होते. "बाद म्हंजे टाकणार?"

"हो मामा. यावर आता माणूस नाही सोडत."

"म्हस बांधली तर चालंल?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. वहीवाल्यानं पेन पुन्हा काढलं.

(गोठा. म्हशीच्या गळ्यात निळा-लाल दोर. ती रवंथ करतेय. पडदा काळा.)