बाकड्यावरचे चार तास

नमस्कार श्रोतेहो.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. गेली दोन वर्षं आमच्या घराचं पंचांग एवढंच आहे. पहाटे साडेचारला उठायचं, डबा बांधायचा आणि तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून मिरजेची वाट धरायची. सात वाजता यांचं डायलिसिस सुरू होतं, अकराला संपतं. अंगातलं रक्त नळीतून बाहेर येतं, केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो तंतूंमधून फिरून साफ होतं आणि परत अंगात जातं. मूत्रपिंडं रात्रंदिवस न बोलता जे करत असतात, ते यंत्राला आठवड्यातल्या बारा तासांत उरकायचं असतं.

ते पुरेसं पडत नाही. म्हणून घरी पाणी मोजायचं, मीठ मोजायचं, भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं. आमची द्राक्षबाग आहे. बेदाणा घरचाच. पण त्यात पोटॅशियम फार, त्यामुळे तो यांना बंद. पहिल्या वर्षी माल तयार झाला तेव्हा यांनी चार दाणे तळहातावर घेतले, थोडा वेळ बघितले आणि परत ढिगात टाकले. ते मी लांबून पाहिलं. आजाराचं म्हणून जे काही आठवतं, त्यात सुयांच्या आधी मला तो तळहात आठवतो.

पहिले तीन-चार महिने मी दवाखान्याच्या त्या बाकड्यावर कुणाशी बोलले नाही. घरी येणारा-जाणारा दारातच आवाज खाली आणायचा, "आता कसं आहे?" विचारायचा आणि चहा घेऊन निघून जायचा. हळूहळू तेही यायचे थांबले. मी हळदीकुंकवाला जाणं सोडलं. नवी साडी नेसायची लाज वाटू लागली. शेजारी कुणी मोठ्यानं हसलं तर राग यायचा, आणि चुकून मलाच हसू आलं तर त्याहून जास्त. नवरा आत झोपलाय आणि हिला हसायला सुचतंय, असं लोक म्हणतील ही भीती. खरं तर ते मीच म्हणत होते.

मग एका बुधवारी शेजारच्या बाईंनी माझ्या मांडीवर अर्धी भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली आणि विचारलं, "ऊटा आतेन्री?" जेवलात का? मला कन्नड येत नाही, पण मिरजेत बसून एवढं कळायला कन्नड यावं लागत नाही. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं. तेव्हापासून हे गाव औषधपाण्याचं गाव झालं, आणि कर्नाटकातली माणसं इथं सरसकट येतात. या बाई अथणीकडच्या. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्यांचा 24 वर्षांचा मुलगा आत यांच्या शेजारच्या खाटेवर असतो.

अक्कांनी मला जे शिकवलं, ते डॉक्टरांच्या कागदावर नव्हतं. तांब्या उचलून ठेव, घरात फुलपात्र वापर. सकाळीच दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ठेव, चहा-आमटी-ताक त्यातूनच वजा कर. घसा फारच कोरडा पडला तर बर्फाचा एक खडा चघळायला दे, तोही हिशोबात धरून. (कुणाला किती पाणी, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. ते मात्र आपापल्या डॉक्टरांनाच विचारा.)

आणि अक्कांनीच मला हसवलं. रविवारी आमच्या भावकीत लग्न होतं. सोमवारी काट्यावर यांचं वजन साडेतीन किलो जास्त भरलं. टेक्निशियन मुलगा म्हणाला, "काका, काल काय झालं?" हे म्हणाले, "काही नाही रे, मठ्ठा नुसता बघितला." दार उघडंच होतं. बाहेरून अक्का म्हणाल्या, "बघून एवढा चढला, पिऊन किती चढला असता!" अख्खं बाकडं हसलं. मी हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. आत हेही हसत होते. त्या दिवशी एवढं पाणी काढताना यांच्या पायात गोळे आले, ओरडले बिचारे, मी पोटऱ्या चोळत बसले. ते खोटं नव्हतं. मघाचं हसूही खोटं नव्हतं.

त्यानंतर एक नवंच सुरू झालं. अकराला बाहेर आले की हे पहिल्यांदा विचारतात, "आज बाकड्यावर काय?" त्यांना चार तास छताकडे बघत पडायचं असतं. त्यांना माझ्याकडून सुतकी चेहरा नको असतो, बातमी हवी असते. मग मी सगळं सांगते. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, कुणाच्या सुनेला नोकरी लागली, अक्कांनी आज काय आणलं होतं. परतीच्या एसटीत डोळे मिटून ऐकत असतात. माझं बाकड्यावरचं बोलणं ही यांची चैन आहे, हे कळल्यावर माझी लाज गेली.

आमच्या बाकड्यावर एक तंबोरेवाले काकाही आहेत. मिरजेची सतार आणि तंबोरा तुम्हाला ठाऊक आहे. काकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. पत्नीला आत सोडलं की ते पिशवीतून घोडी काढतात, जिच्यावरून तारा जातात ती, आणि कानशीनं अगदी हलकं घासत बसतात. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, तो कसा वाळवायचा, जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, कशी काढायची, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलं.

डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. तिथं बोट ठेवलं की आत सारखी थरथर लागते. ती रोज तपासायची, थांबली तर तडक दवाखान्यात यायचं. मी सकाळी उठल्याबरोबर यांचं मनगट धरते. दीड वर्ष ते बोट मी भीतीनं ठेवत होते. एकदा काकांनी विचारून यांच्या हातावर बोट ठेवलं, कान जवळ नेला आणि म्हणाले, "वहिनी, जवारी छान लागलीय हो!" आता रोज सकाळी मला तंबोरा आठवतो. भीती आहेच, पण तिच्याशेजारी सूरही येऊन बसलाय.

गेल्या उरसाला आम्ही तिन्ही घरं मिळून मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ जिथं सेवा म्हणून गात, तिथं चिंचेच्या झाडाखाली दरवर्षी गाणं होतं. 1937 साली ते गेले, तरी त्यांच्यासाठी लांबलांबून गवई येऊन हजेरी लावतात. डायलिसिसचा वार नव्हता. यांना खुर्ची मिळाली. अक्कांनी थर्मासमध्ये बर्फ आणला होता, मोजून. तंबोरा जुळायला लागला तेव्हा यांनी आपलाच डावा हात उजव्या हातानं धरला आणि काकांकडे बघून मान हलवली. आम्ही तासभरच बसलो. दोन वर्षांतला तो एक तास असा होता, की मी घड्याळ बघितलं नाही.

टेक्निशियन मुलानं एकदा या यंत्राची गोष्ट सांगितली. 1938 मध्ये हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनला विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरसमोर एका शेतकऱ्याचा 22 वर्षांचा मुलगा मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. तुमचा मुलगा वाचणार नाही, हे त्याच्या आईला कोल्फनाच सांगावं लागलं. ते त्यांच्या मनातून गेलं नाही. 1943 साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, सॉसेजवर गुंडाळतात तो सेलोफेन वापरून त्यांनी आपलं यंत्र उभं केलं. सगळे थक्क झाले. अक्का मात्र एकच म्हणाल्या, "त्या आईजवळ कोण बसलं होतं?"

श्रोतेहो, तुमच्या ओळखीत असं घर असेल तर "कसं आहे" एवढं विचारून परतू नका. त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा, चार तास बसा, गावच्या गप्पा सांगा. आणि तुम्हीच त्या बाकड्यावर असाल, तर शेजारच्याला जेवलात का विचारा.

आमच्यात कुपवाडच्या एक मावशी होत्या. त्यांचे यजमान दिवाळीनंतर गेले. आम्ही सगळ्या भेटून आलो, रडलो. पुढच्या महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी सातला बघते तर मावशी दारात, हातात डबा. म्हणाल्या, "सात वाजले की पाय इकडंच वळतात गं."

अक्कांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. काकांनी कानस बाजूला ठेवली. आम्ही सगळे थोडे थोडे सरकलो.