पोळीचे सोळा तुकडे

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. एक आई आपल्या सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. मुलीने एकटीने घरभराचे बेसनाचे लाडू वळले होते, चकल्या तळल्या होत्या, प्रत्येकाला बसवून आग्रहाने खाऊ घातलं होतं. कोणी किती लाडू खाल्ले हेही तिला पाठ होतं. स्वतः मात्र एकही तोंडात टाकला नव्हता. जेवायला बसली की एका पोळीचे सोळा तुकडे करायचे आणि तासभर ते ताटात सरकवत राहायचं. पाच महिन्यांपासून पाळी बंद होती. आई म्हणाली, "आधी चतुर्थी धरली म्हणाली. मग सोमवार, मग गुरुवार. सासूबाई तर कौतुक करत होत्या हो." आणि मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "डॉक्टर, माझं काय चुकलं?"

हा प्रश्न तिच्या मनात आपोआप आला नव्हता. शंभर-दीडशे वर्षं तो आयांच्या गळ्यात बांधला गेला आहे. १८७३ साली लंडनमध्ये डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसमध्ये डॉक्टर शार्ल लासेग यांनी स्वतःला उपाशी ठेवत राहण्याच्या या आजाराचं जवळजवळ एकाच वेळी वर्णन केलं. अॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गल यांनी दिलं. निरीक्षण बारीक होतं, पण अशा रुग्णाची शुश्रूषा करायला नातेवाईक सर्वांत वाईट, असं गल यांचं मत होतं. पुढे विसाव्या शतकात मानसशास्त्राने तोच धागा ओढला: आई फार धाक दाखवते, आई फार चिकटून राहते. मला याचा राग येतो, कारण हे बोलणाऱ्यांकडे पुरावा फार तोकडा होता.

पुरावा जुळ्यांच्या अभ्यासातून येऊ लागला. एकसारख्या जुळ्यांपैकी एकीला अॅनोरेक्सिया असेल, तर दुसरीला तो असण्याची शक्यता एकसारख्या नसलेल्या जुळ्यांपेक्षा बरीच जास्त दिसली. माणसामाणसांत या आजाराच्या धोक्याचा जो फरक असतो, त्यातला साधारण निम्मा किंवा थोडा अधिक वाटा आनुवंशिक आहे, असं बहुतेक अभ्यास सांगतात. याचा अर्थ 'एखाद्या मुलीचा आजार निम्मा रक्तातून आला' असा नाही. हा हिशेब समाजातल्या फरकांचा आहे, एका मुलीचा नाही.

मग २०१९ साली मानसशास्त्रज्ञ सिंथिया ब्युलिक आणि जगभरातल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १६,९९२ रुग्ण आणि आजार नसलेले ५५,५२५ लोक यांचे जनुकीय नकाशे शेजारी ठेवले, तेव्हा आठ ठिकाणी फरक सापडले. प्रत्येकाचा परिणाम इतका लहान की रक्त तपासून 'हिला होणार' असं आज कोणीही सांगू शकत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. अॅनोरेक्सियाची आनुवंशिक नाळ मंत्रचळाशी, चिंतेशी, नैराश्याशी जुळते, हे अपेक्षित होतं. पण ती चयापचयाशीही जुळली. ज्या जनुकीय ठेवणीत या आजाराचा धोका जास्त, त्याच ठेवणीत टाइप २ मधुमेहाकडे आणि जाडीकडे कल कमी. म्हणजे हा आजार नुसता डोक्यातला नाही. शरीर ऊर्जा कशी साठवतं आणि खर्च करतं, तिथेही त्याचं एक मूळ आहे. एक उणीव मात्र ठळक आहे. हे सगळे नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे होते. आपल्या मुली त्यात नाहीत.

पण जनुकं काही एका रात्रीत बदलत नाहीत. फिजी बेटांवरच्या एका भागात १९९५ साली टीव्ही पोहोचला. मानववंशशास्त्रज्ञ अॅन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींना तेव्हा विचारलं, तर वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही नव्हती. १९९८ साली ११.३ टक्के मुलींनी हो म्हटलं. सुपीक जमिनीत बी कुठून येऊन पडतं, याचं हे एक उत्तर.

आणि एकदा उपासमार सुरू झाली की तीच आजाराला पोसते. लाडूंचं कोडं तिथे सुटतं. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालावं, हे त्यांना शोधायचं होतं. या पुरुषांना बारीक व्हायचं नव्हतं. तरी काही महिन्यांत ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, घासाचे बारीक तुकडे करून जेवण तासन् तास लांबवू लागले, ताटल्या चाटू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. कीज यांच्या नोंदी वाचताना मला ती पोळी आठवली. जे आपण 'हिचा स्वभाव' किंवा 'हिचा हट्ट' म्हणतो, त्यातलं कितीतरी भुकेने घडवलेलं असतं.

फरक एवढाच की त्या तरुणांना भूक छळत होती. माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या मुलींपैकी कित्येक सांगतात, "न खाल्लं की शांत वाटतं." आधीपासून काटेकोर, चिंता करणारी, पहिल्या नंबरासाठी जीव टाकणारी मुलगी, तिच्या हाती नकळत चिंता उतरवणारं औषध लागतं, आणि तेच औषध तिला खातं.

म्हणून उपचारात अन्न आधी येतं, समजुतीचे शब्द नंतर. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८०च्या दशकात घरच्यांनाच उपचारात घेण्याची पद्धत विकसित झाली. आजार लहान वयात सुरू झालेला आणि फार जुना नसेल, तर तिचा चांगला उपयोग दिसला. ज्या नातेवाइकांना गल यांनी दाराबाहेर उभं केलं, त्यांनाच आम्ही आता ताटाशी बोलावतो.

त्या आईलाही बोलावलं. पहिले काही आठवडे घरात रोज रडारड. मी तिला एवढंच सांगितलं होतं: वाद घालू नका, वजनावर बोलू नका, वाढा आणि उठू नका. एका दुपारी तिने फोन केला. वरणभातावर तूप घातलं म्हणून मुलगी रडली, ताट ढकललं, "तू मला मारतेयस" म्हणाली. आई जागची हलली नाही. दीड तास लागला. भात गार झाला होता, पण ताट रिकामं झालं होतं.