किशोरवयातील नैराश्य : उपचारांचे पहिले आठवडे

नैराश्यावरील औषध मेंदूवर काही तासांतच काम करू लागते. मनाला उतार पडायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. किशोरवयीन मुलांच्या उपचारातील सर्वांत नाजूक काळ तो हाच.

फ्लुऑक्सेटिन हे औषध, चेतापेशीने बाहेर सोडलेले सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन परत आत ओढून घेणाऱ्या प्रथिनाला अडवते. सेरोटोनिन वाढल्याबरोबर मूल बरे होते, असे नाही. पेशींमधील जोडण्या हळूहळू बदलतात आणि त्यानंतर मन सावरते, असे मानले जाते. हे सारे ज्या मेंदूत घडते, त्याचा आवेगांना आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडतच असतो.

अमेरिकेत १२ ते १७ वर्षांच्या ४३९ मुलामुलींवर झालेला ‘टॅड्स’ हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनंतर, औषध आणि विचार-वर्तन उपचारपद्धती (संवादातून विचार आणि वागणे बदलायला शिकवणारी) यांची जोड मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली. केवळ औषधाने ती सुमारे ६१ टक्के, केवळ विचार-वर्तन उपचाराने ४३ टक्के, तर औषध नसलेल्या नकली गोळीने ३५ टक्के मुलांमध्ये दिसली. हा शेवटचा आकडा दुर्लक्षिण्याजोगा मुळीच नाही, कारण आशेचा, नियमित भेटींचा आणि आस्थेने झालेल्या विचारपुशीचा वाटाही त्यात असू शकतो.

त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने नैराश्यावरील औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा सक्तीचा केला. सुमारे ४,४०० मुलांवरील २४ चाचण्या एकत्र तपासल्यावर, आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांपैकी ४ टक्के मुलांत आणि नकली गोळी घेणाऱ्यांपैकी २ टक्के मुलांत आढळले होते. आत्महत्येने मृत्यू मात्र एकाही मुलाचा झाला नव्हता. म्हणून औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना मूल अचानक अस्वस्थ झाले, त्याची झोप उडाली, चिडचीड वाढली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

शरीरावरचे परिणाम बहुधा सौम्य असतात : मळमळ, डोकेदुखी, भूक कमी होणे. एका चाचणीत, १९ आठवडे फ्लुऑक्सेटिन घेतलेल्या मुलांची उंची इतरांच्या तुलनेत सरासरी १.१ सेंटिमीटर कमी वाढली. त्यामुळे उपचार चालू असताना उंची आणि वजनाची नोंद ठेवली जाते. बरे वाटू लागले म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवावे.

भारतात १४४१६ या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.