पद्यकादंबरीत व्यसन लिहिताना

मंडळी, ग्वाल्हेरात पद्यातून गोष्ट सांगण्याचा विषय निघाला की तांब्यांचं नाव आधी घ्यावं लागतं. भास्कर रामचंद्र तांबे इथले राजकवी. १९४१ साली गेले तेही इथेच. त्यांच्या नाट्यगीतांत, म्हणजे नाट्यमय कवितांत, बोलणारा एकच असतो, पण समोर कोण उभं आहे आणि ते माणूस काय म्हणालं असेल, हे त्याच्याच बोलण्यातून कळतं. नशेत अडकलेल्या सोळा वर्षांच्या मुलाची गोष्ट पद्यात लिहायची तर मला हेच तंत्र सगळ्यांत उपयोगी वाटतं. असा मुलगा दिवसभर कुणाला ना कुणाला उत्तरं देत असतो. आईला एक, क्लासच्या सरांना दुसरं, उधारी मागणाऱ्या दोस्ताला तिसरं. एकेका उत्तराची एकेक कविता होते.

अमेरिकेत २००४ साली एलन हॉपकिन्स यांची 'क्रँक' ही कादंबरी आली. मेथ (मेथॅम्फेटामिन) या नशेच्या आहारी गेलेल्या मुलीची गोष्ट, तिच्याच तोंडून, सगळी पद्यात; लेखिकेच्या स्वतःच्या मुलीवरून सुचलेली. या कादंबरीत काही ठिकाणी कवितेच्या बाजूला सुटे शब्द मांडलेले आहेत. ते नुसते वरून खाली वाचले की दुसराच अर्थ हाती येतो. आपल्याकडे ही युक्ती फार छान चालेल, कारण आपली मुलं घरात मराठी आणि बाहेर महाराज बाड्याच्या चौकात हिंदी बोलतात. डावीकडे घरातलं मराठी, उजवीकडे दोस्तांमधली हिंदी, आणि दोन्हींच्या मधे कोरी जागा.

आता छंदाकडे येऊ. अष्टाक्षरी घ्या. चरणात आठ अक्षरं, जोडाक्षर एकच धरायचं, लघु-गुरूची कटकट नाही. गोष्टीच्या सुरुवातीला अशी एक कविता ठेवली समजा:

आई म्हणे, "जेवलास?"
मी म्हणालो, "जेवलो ना."
ताट तसे झाकलेले
तिने नाही उघडले.

शंभरेक पानांनी हाच प्रसंग पुन्हा आणा:

आई म्हणे, "जेव..."
मी म्हणालो, "जेवलो ना."
ताट
तिने उघडले.

मोजून बघा. सहा, आठ, दोन, सहा. अख्ख्या कडव्यात पुरी आठ अक्षरं भरतात ती फक्त खोटं बोलणाऱ्या ओळीत. मुलगा खोटं सफाईनं बोलायला शिकला, आणि आईचा प्रश्न मात्र अर्ध्यावर थांबायला लागला. हे कुठेही सांगावं लागत नाही, कान ते टिपतो. पण त्यासाठी आधीची वीस-पंचवीस पानं छंद चोख सांभाळलेला हवा. पहिल्या पानापासूनच सगळं मोडकं असेल तर पुढे मोडायला काही उरत नाही. नवे लिहिणारे नेमके इथे चुकतात.

दुसरी चूक म्हणजे गद्याचेच तुकडे करून एकाखाली एक लावणं. याची परीक्षा सोपी आहे. कविता सलग परिच्छेदासारखी लिहून काढा आणि मोठ्यानं वाचा. काहीच हरवलं नाही, तर ती कविता नव्हती. यमकाचा अतिरेकही तितकाच घातक. चारशे ओळी यमक जुळवलं की मुलाचं दुःख शाळेच्या पाठांतर स्पर्धेसारखं ऐकू येतं.

नशेची माहिती मात्र अचूक हवी, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. २०१९ साली केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. त्यात हुंगायच्या पदार्थांचं, म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, थिनर यांचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के होतं आणि मुलांत १.७ टक्के. मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त निघालं ते याच एका प्रकारात. म्हणून आपल्या गावातली गोष्ट परदेशी पार्टीतून सुरू करू नका. ती दप्तरातूनही सुरू होते.

प्रत्येक नशेचा काळ वेगळा असतो आणि तो कवितेच्या लांबीत उतरवता येतो. हुंगलेल्याचा अंमल काही मिनिटांचा. तिथे चार-पाच ओळींच्या, एकामागून एक आदळणाऱ्या कविता शोभतात. स्मॅकचं, म्हणजे भेसळीच्या हेरॉइनचं, तसं नाही. शेवटच्या डोसनंतर साधारण आठ ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो: जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पायांत गोळे, जुलाब, झोप नाही. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत वाईट, आणि आठवडाभरात शरीर बरंचसं सावरतं. हा आठवडा कवितेत लांबवा. एकेका रात्रीला पाच-सहा पानं द्या. तलब मात्र आठवड्यात जात नाही. म्हणूनच आईचे अश्रू पाहून मुलगा सुधारला, हा शेवट खोटा आहे, आणि खरोखर झगडणाऱ्या मुलावर तो अन्याय आहे. सुटलेली नशा पुन्हा लागणं हा या आजाराचाच भाग आहे. गोष्टीत त्याला जागा द्या. तिथला धोकाही ठाऊक हवा. काही दिवस स्मॅक बंद राहिली की शरीराची सवय मोडते, आणि मग जुनाच डोस जीव घेऊ शकतो.

काय लिहू नये, तेही सांगतो. माल कुठे मिळतो, किती घ्यायचा, कसा घ्यायचा, यातलं काही नको. पुडी उघडली इथे ओळ तोडा आणि पुढची ओळ दोन तासांनंतरची लिहा. पद्यात ही सोय फुकट मिळते. गद्यात अशी उडी मारायला बरीच खटपट पडते. 'गर्दुल्ला' हा शब्द पात्रांच्या तोंडी असू द्या, निवेदनात नको.

लांबीचं म्हणाल तर दीडशेच्या आसपास कविता, बहुतेक एका पानाच्या. दर कवितेनंतर कुणाला तरी काहीतरी नवं कळलेलं असावं. कच्चा खर्डा व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या डॉक्टरांना आणि दोन-तीन पंधरा वर्षांच्या मुलांना वाचायला द्या. मुलं जिथे पानं उलटायला लागतील तिथे तुमचं भाषण सुरू झालेलं असेल, तेवढं कापा. आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, कवितेच्या बाहेर, १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर ठळक छापा.