डब्यावर श्रीखंड, आत मोहरी

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापुरात पंचवीस वर्षं मी लग्नाच्या शूटिंगचा आणि मिक्सिंगचा धंदा करतोय. अगदी कॅसेटी होत्या तेव्हापासून. त्यामुळे गल्लीत कुणाचंही काही ‘लागत नाही, दिसत नाही’ झालं की ते थेट माझ्या दुकानात येतं. गेल्या महिन्यात शेजारचा नववीतला पोरगा आला आणि त्यानं माझ्या टेबलावर एक काळं, बोटांच्या ठशांनी चकाकणारं यंत्र ठेवलं. सोनीचं प्लेस्टेशन पोर्टेबल, हातात धरून गेम खेळायचं यंत्र. सगळे पीएसपी म्हणतात तेच. त्याच्या वडलांनी २००८ साली आखातातून येताना आणलेलं, आणि लग्नानंतर माळ्यावर गेलेलं.

“काका, ह्यात व्हिडिओ लागत नाही.”

“अरे, मग फोनवर बघ की.”

“फोन आईनं कपाटात ठेवलाय, परीक्षा होईपर्यंत. ह्याच्यावर व्हॉट्सअ‍ॅप येत नाही, म्हणून हे चालेल म्हणाली.”

व्हिडिओ होता शाळेच्या खो-खोच्या मॅचचा. ह्याला बाद दिलं होतं. समोरच्या पोरानं खांबावरून सूर मारला आणि टाच शिवली, असं पंचांचं म्हणणं. शिवलीच नाही, असं ह्याचं म्हणणं. सरांनी फोनवर शूटिंग केलं होतं, ती फाइल आईनं पेनड्राइव्हवर काढून दिली होती. आता त्याला ती टाच बघायची होती.

हे यंत्र जपानात १२ डिसेंबर २००४ ला बाजारात आलं. त्या काळी खिशात मावणाऱ्या वस्तूवर ४.३ इंचांचा आडवा पडदा म्हणजे चैन होती. पडदा आहे ४८० ठिपके रुंद आणि २७२ ठिपके उंच. सिनेमे पाहायला यूएमडी नावाची छोटी चकती होती, तिच्यात १.८ जीबी मावायचे. आणि स्वतःचं काही पाहायचं तर मेमरी स्टिक, म्हणजे सोनीचं मेमरी कार्ड. सुरुवातीच्या काही खोक्यांत कंपनी ३२ एमबीची स्टिक द्यायची. ३२ एमबी! आज सकाळी-सकाळी येणारे ‘शुभ प्रभात’चे फुलांचे फोटोच तेवढे भरतील.

व्हिडिओकडे वळण्याआधी मी यंत्र पालथं केलं. बॅटरीचं झाकण जरा वर आलेलं. आत बॅटरी फुगली होती, पुरी फुगते तशी. ज्यांच्या घरी असं जुनं यंत्र पडून आहे त्यांनी हे आधी बघा. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू तर मुळीच नका. बाहेर काढा आणि ई-कचऱ्यात द्या. नवी बॅटरी मिळते. आम्हीही आणली, त्यात चार दिवस गेले.

मग केबल. ह्याला जुनं मिनी-यूएसबी लागतं, आजच्या फोनची केबल बसत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये तशा तीन निघाल्या. त्यातल्या दोन फक्त चार्जिंगच्या, आत डेटाच्या तारा नसलेल्या. कॉम्प्युटरला लावलं की काहीच होत नाही, आणि माणूस यंत्राला शिव्या देत बसतो. तिसरी लागली. यंत्राच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘यूएसबी कनेक्शन’ दाबलं आणि कॉम्प्युटरवर मेमरी स्टिक दिसली.

पोरानं फाइल टाकली होती ‘पीएसपी’ नावाच्या फोल्डरमध्ये, गेमच्या शेजारी. वाटणारच की, यंत्राचं नाव पीएसपी, फोल्डरचं नाव पीएसपी. पण व्हिडिओसाठी स्टिकवर अगदी बाहेर, पहिल्या पायरीवर, ‘व्हिडिओ’ नावाचा इंग्रजी मोठ्या अक्षरांतला फोल्डर लागतो. फाइल यादीत दिसतच नसेल तर नव्वद टक्के घोटाळा जागेचा असतो, व्हिडिओचा नव्हे. जुन्या सॉफ्टवेअरवर तर ह्याहून सोवळं. ‘एमपी रूट’ नावाचा फोल्डर, त्यात ठरावीक नावाचा दुसरा फोल्डर, आणि फाइलचं नावही ‘एम ४ व्ही’ आणि पुढे पाच आकडे असंच. एक अक्षर चुकलं की यंत्र ओळख दाखवायचं नाही.

आमची फाइल जागेवर ठेवली, यादीत दिसली. आणि तिच्याखाली शब्द आले: ‘अनसपोर्टेड डेटा’.

“काका, पण ही एमपी-फोरच आहे. पीएसपीला एमपी-फोर चालते, मी वाचलंय.”

मी त्याला म्हटलं, तुमच्या स्वयंपाकघरात श्रीखंडाचे रिकामे डबे आहेत का? आहेत म्हणाला. त्यात श्रीखंड आहे का? हसला. एकात मोहरी, एकात कढीपत्ता, एकात आजीच्या गोळ्या. एमपी-फोर हा असाच डबा आहे. आत चित्र कशा पद्धतीनं दाबून भरलंय आणि आवाज कशा पद्धतीनं, ते डब्यावरच्या नावावरून कळत नाही. त्या दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. झाकण उघडून बघायला मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. मी बदलाबदलीला हात घालण्याआधी नेहमी ते उघडतो. गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकायचं, पण विश्वास मीडियाइन्फोवर.

आत निघाला एचइव्हीसी नावाचा कोडेक. नवे फोन जागा वाचवायला ही पद्धत वापरतात. ती ठरली २०१३ साली. यंत्र २००४ सालचं. पणजोबांना पणतूचं टोपणनाव विचारल्यासारखं झालं ते. आकार १०८० बाय १९२०, म्हणजे सरांनी फोन उभा धरला होता. त्याबद्दल पुढे बोलतो. वेग सेकंदाला कधी २८ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, कधी ३०, कधी २४. फोन उजेड बघून वेग बदलत राहतो.

पीएसपीला काय पचतं ते सांगतो, लिहून घ्यायचं तर घ्या. चित्राचा कोडेक एच-टू-सिक्स-फोर, त्यातही ‘मेन’ प्रोफाइल, म्हणजे त्या पद्धतीचा साधा पोटप्रकार, ‘हाय’ नाही. आकार ४८० बाय २७२. वेग सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत आणि एकसारखा. आवाजाचा कोडेक एएसी, दोन चॅनेलचा. मात्र यंत्रातलं सॉफ्टवेअर ३.३० किंवा त्याच्या पुढचं हवं. ते २००७ मध्ये आलं. सेटिंग्जमधल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये आकडा दिसतो. त्याआधी गंमत अशी होती की यूएमडीवरचा सिनेमा पडदाभर दिसायचा, आणि स्वतःच्या मेमरी स्टिकवरच्या व्हिडिओला मर्यादा ३२० बाय २४०, म्हणजे एकूण ७६,८०० ठिपक्यांची. लोक हुशार. त्यांनी हिशोब करून ३६८ बाय २०८ काढलं. गुणाकार येतो ७६,५४४. मर्यादेतही बसलं आणि रुंद पडद्यालाही शोभलं.

मी हँडब्रेक नावाचं व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर उघडलं. तेही फुकट मिळतं. घाईत आकार बदलला, एच-टू-सिक्स-फोर निवडलं, रेंडरला, म्हणजे नवी फाइल बनवायला, लावलं. स्टिकवर टाकलं. परत ‘अनसपोर्टेड डेटा’. पोरगं माझ्याकडे बघतंय, पंचवीस वर्षांचा धंदा पणाला. प्रोफाइल ‘हाय’च राहिलं होतं. कबूल करतो, मी ते पाहिलंच नव्हतं.

इथे मी माझ्या मिक्सिंगच्या पोरांना सांगतो तेच तुम्हालाही सांगतो. अख्खी फाइल पुन्हा-पुन्हा रेंडरला लावू नका. मधला तीस सेकंदांचा तुकडा घ्या, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि यंत्रावर लावून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चाललं, तरी कशामुळे चाललं ते कळत नाही. आणि नाही चाललं तर मग विचारूच नका. प्रोफाइल ‘मेन’, लेव्हल ३. चित्र दिसलं! पण धावणारी पोरं मध्येच तुटक-तुटक उडत होती. पुढच्या खेपेला प्रगत सेटिंगमधलं ‘बी-पिरॅमिड’, म्हणजे फ्रेम एकमेकींवर बेतून जागा वाचवायची एक युक्ती, बंद केलं, ते आता मी ह्या यंत्रासाठी बंदच ठेवतो. पळणं सरळ झालं.

मग आवाज. सुरुवातीला शिट्टी आणि पंचांचा हात बरोबर. तीन मिनिटांनी हात आधी, शिट्टी नंतर. सातव्या मिनिटाला तर पोरगं बसून उठलं तरी ‘खो’ ऐकू येईना. हे त्या कमी-जास्त वेगामुळे. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट’ निवडून वेग ३० वर बांधला आणि शिट्टी पुन्हा हाताला येऊन मिळाली.

आता फोन उभा धरल्याचं फळ. १०८० बाय १९२० चं चित्र २७२ उंचीत बसवलं की रुंदी उरते १५३ ठिपके. दोन्हीकडे काळं आणि मध्ये दाराच्या फटीतून दिसावं तसं मैदान. सरांना काही म्हणू नये, सगळेच उभा धरतात. लग्नात वरमाला पडताना बघा, शंभर हात उभे आणि शंभर फोन उभे. उपाय म्हणजे चित्राचा मधला पट्टा कापायचा, १०८० रुंद आणि ६१२ उंच. तो बरोबर ४८० बाय २७२ च्या मापाचा आहे. आभाळ गेलं, अलीकडची माती गेली, मैदान पडदाभर आलं.

ज्यांना कॉम्प्युटरवर टाइप करायला आवडतं त्यांच्यासाठी एफएफएमपेग आहे, आज्ञा टाइप करून व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर. त्यात ‘पीएसपी’ नावाचा खास प्रकारच दिलाय, तो फाइलच्या सुरुवातीला ह्या यंत्राच्या ओळखीची खूण घालतो. ती आज्ञा मी रेडिओवर वाचून दाखवत नाही. प्रत्येक रेघ आणि टिंब सांगेपर्यंत पुढचा कार्यक्रम सुरू व्हायचा.

एवढ्यात पोराची आई आली, आमच्या वहिनी. “झालंच आहे तर भाऊजी, आमच्या लग्नाची डीव्हीडी पण घाला ह्यात.” शूटिंग माझंच, नाही म्हणायची सोय नव्हती.

डीव्हीडीचं दुखणं निराळं. आपल्याकडची डीव्हीडी ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत विणलेली. विषम रेघा आधी, सम रेघा नंतर. जुन्या टीव्हीवर ते गुळगुळीत दिसायचं. लहान पडद्यावर आणलं की हललेल्या प्रत्येक वस्तूला कंगव्याचे दात फुटतात. नवरदेवाचे मुंडावळ्यांचे मोती करवतीसारखे. त्यासाठी ‘डीइंटरलेस’ चालू करायचं, आणि ते चित्र लहान करण्याआधी. वेग २५ च ठेवायचा, उगाच ३० करायचा नाही. चित्र चौकोनी, म्हणून मध्ये ३६० ठिपके आणि दोन्ही बाजूंना ६०-६० काळे. वहिनी म्हणाल्या, पडदाभर नाही होणार का? त्रिकोणाचं बटण दाबून स्क्रीन मोड बदलला की होतं. करून दाखवलं. भाऊ एकदम पंधरा किलोंनी वाढले. वहिनी म्हणाल्या, राहू द्या, आहे ते बरं आहे.

दर सेकंदाला चित्राला ७६८ आणि आवाजाला १२८ किलोबिट धरले की तासाला साधारण ४०० एमबी होतात. तीन तासांचं लग्न सव्वा जीबीच्या आत. पोराकडची स्टिक ८ जीबीची, म्हणजे ऐसपैस जागा.

आणि इथेच घात झाला. लग्न कॉपी केलं. वीस मिनिटं झकास चाललं, सीमांतपूजनापर्यंत. मग थांबलं. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच थांबलं. आणि काल ठणठणीत चाललेली खो-खोची फाइल आज ‘करप्टेड डेटा’ म्हणायला लागली. मी आधी माझ्या सेटिंगांवरच संशय घेतला. तासभर गेला. मग डोक्यात आलं: तीच फाइल कॉम्प्युटरवर नीट चालतेय, मग सेटिंगचा दोष कसा असेल? स्टिक उपटली आणि कॉम्प्युटरवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू लावलं. हे सॉफ्टवेअर कार्ड काठोकाठ भरतं आणि भरलेलं परत वाचून ताडून बघतं. स्टिकवर छापलंय ८ जीबी, कॉम्प्युटरला सांगतेय ८ जीबी, आणि खरी जागा एका जीबीच्याही आत. बनावट. भरत जाल तसं नवं लिहिलेलं जुन्याच्या उरावर बसतं. अशा स्टिका बाजारात इतक्या होत्या की जुन्या यंत्राबरोबर आली तर मी आता चाचणी केल्याशिवाय हातच लावत नाही. त्याऐवजी फोनचं मायक्रोएसडी कार्ड आणि ते बसवायचं छोटं अ‍ॅडॉप्टर घ्या, स्वस्तात काम होतं. कार्ड मात्र पीएसपीच्याच सेटिंग्जमधून फॉरमॅट करा, फोल्डर ते आपले आपण करून घेतं.

आणखी एक. फाइलला मी हौसेनं मराठीत नाव दिलं होतं, ‘शुभविवाह’. पडद्यावर काही ते नीट उमटेना. इंग्रजी अक्षरांत ठेवलं. मराठी सबटायटल घालायची असतील तर वेगळी फाइल चालत नाही, चित्रावरच छापून घ्या, आणि अक्षर ठळक मोठं. २७२ रेघांत वेलांटी आणि रफार एकमेकांच्या अंगावर पडतात.

तर शेवटी नव्या कार्डावर सगळं चढलं. पोरगं माझ्या स्टुलावर बसून खो-खो बघत होतं. ती जागा आली. समोरच्यानं खांब धरून सूर मारला, ह्याची टाच, त्याचा हात. थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा थांबवलं. आम्ही दोघांनी डोकी जोडून बघितलं. हात होता चार ठिपक्यांचा आणि टाच तीन ठिपक्यांची, आणि मध्ये उडालेली माती.

“काका, फोनवर झूम करून दिसलं असतं.”

“दिसलं असतं की.”

“आईला सांगता का, एकदाच काढ म्हणून?”

वहिनी तिथेच होत्या. त्यांचं सीमांतपूजन चाललं होतं, त्यांनी वर बघितलंही नाही. म्हणाल्या, “दहा एप्रिलला भूगोलाचा पेपर आहे. अकराला काढते.”