ओंडका ते फळी: फिरत्या करवतीवरचे पहिले काप

हा लाल ओकचा ओंडका. लांबी 10 फूट, निमुळत्या टोकाला व्यास 20 इंच, आणि ओला असताना वजन 600 किलोच्या पुढे. अमेरिकेत घरामागे पडलेलं असं एखादंच झाड करवत गिरणीवर नेणं परवडत नाही. गिरणीवाल्यांनाही परसातलं लाकूड नकोच असतं, आत खिळे निघतात म्हणून. मग ट्रेलरवर बसवलेली पट्टा करवतच झाडापाशी येते. (आपल्याकडे करवत गिरणी चालवायची तर आधी वन खात्याचा परवाना लागतो, हे लक्षात असू द्या.)

यंत्र साधंच. दोन चाकांवर ताणलेला सव्वा इंच रुंदीचा दातेरी पट्टा, आणि तो घेऊन रुळांवरून पुढे सरकणारं इंजिन. ओंडका जागेवरच राहतो. पट्ट्याची जाडी जेमतेम 1.1 मिलिमीटर, त्यामुळे एका कापात दोन-अडीच मिलिमीटर लाकडाचाच भुसा होतो. चेनसॉने फळ्या पाडल्या तर दर कापाला जवळजवळ तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लाकूड वाया जातं. पण पातळ पट्ट्याचे नखरेही तितकेच.

पहिला नखरा मातीचा. ओंडका जमिनीवरून फरफटत आणला की सालीत वाळू रुतते. स्वच्छ लाकडावर तास-दोन तास चालणारा पट्टा अशा सालीत एका कापात बोथट होतो. म्हणून निदान कापाच्या रेषेतली साल तरी सोलून काढायची. ओकच्या कापलेल्या टोकावर निळसर-काळा डाग दिसला तर थांबा. आत लोखंड आहे, आणि ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी त्याचा संयोग होऊन तो रंग आलाय. अशा ओंडक्यावर मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय पट्टा घालू नये.

आता हा शिकंजा नीट बघा. ओंडका धरून ठेवणारा हा दांडा आणि पलीकडचे टेकू, दोन्ही कापाच्या पातळीच्या खाली हवेत. वरचे काप घेताना ते उंच असले तरी चालतं. ओंडका खाली खाली येत जातो आणि शेवटच्या दोन-तीन फळ्यांना त्यांची आठवण राहत नाही. पट्टा लोखंडात शिरतो, दात झडतात. नवख्यांचे बरेच पट्टे असेच जातात. दर कापाआधी पट्टा खाली आणून शिकंज्याशी उंची ताडून पाहायला काही सेकंद पुरतात.

ओंडका एका टोकाला बारीक असतो. तो तसाच ठेवून कापला तर फळीतले रेषे तिरके जातात. दोन्ही टोकांना गाभ्यापासून खालच्या बैठकीपर्यंतचं अंतर मोजायचं आणि ते सारखं होईपर्यंत बारीक टोकाखाली पाचर सारायची.

फळी लाटेसारखी निघाली की सगळे यंत्राला दोष देतात. खरं तर बहुतेक वेळा पट्टा बोथट असतो, नाहीतर ताण कमी पडलेला. गाठीपाशी लाकूड कठीण होतं, पट्टा वर किंवा खाली पळतो आणि गाठ संपली की परत येतो. तिथे करवतीचं डोकं, म्हणजे इंजिन आणि पट्टा, हळू ढकला. पट्ट्याला आधार देणारा सरकता रोलर ओंडक्यापासून इंचभरच दूर ठेवा. तो लांब राहिला की पट्टा मधे झुलतो. भुसा पिठासारखा बारीक पडू लागला किंवा फळीवर घट्ट चिकटून राहिला, की पट्टा बदलायची वेळ झाली. पट्ट्यावर साबणाच्या पाण्याची बारीक धार सोडावी. पाइनसारख्या राळेच्या लाकडात तर ती हवीच.

सगळ्यात गोंधळ उडवतो तो लाकडातला ताण. झाडाचा बाहेरचा भाग लांबीच्या दिशेने ताणलेला असतो, गाभा दाबलेला. वरची एक बाजू काढली की खालची बाजू आखडते आणि ओंडका मधे उचलला जातो. पुढची फळी मग मधे जाड, टोकांना पातळ. एकाच बाजूने चार-पाच फळ्या सलग काढल्या तर हे होणारच. एक-दोन काप घ्या, ओंडका पूर्ण उलटा करा, दुसऱ्या बाजूने घ्या. वेळ लागतो, पण लाकूड वाचतं.

पट्टा फिरत असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये. काम थांबलं की पट्ट्याचा ताण सैल करायचा, कारण गरम पट्टा थंड होताना आखडतो आणि दातांच्या बुडाशी चिरा पडतात.

1 इंचाची फळी हवी असेल तर ओली फळी 1 इंच 1 सूत जाडीची काढा. टोकांना लगेच मेण किंवा रंग लावा. फळ्यांच्या थरांमध्ये पाऊण इंची कोरड्या लाकडी पट्ट्या दोन-दोन फुटांवर, एकाखाली एक अशा ठेवा आणि थप्पी सावलीतच रचा; ओक उन्हात तडकतो. वाळायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशेब ओकला ठीक आहे, पाइन मात्र एका उन्हाळ्यातही वाळतो.