पंधरा सेकंदांत उघडे पडणारे मन

लातूर, बीड, परभणीच्या गावांबाहेरील रस्त्यांवर भल्या पहाटे भरतीसाठी धावणारी पोरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांची मेहनत घड्याळावर मोजता येते. लष्करी अधिकाऱ्यांच्या निवडीत मात्र दमसासापेक्षा मनाची पारख अधिक होते. छत्रपती संभाजीनगरात राज्य शासनाने १९७७ साली सुरू केलेली सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था दहावीनंतरच्या मुलांना एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेबरोबरच या पारखीसाठी, म्हणजे एसएसबी या सेवा निवड मंडळाच्या चाचण्यांसाठी, तयार करते.

एसएसबीतील शब्द चाचणीत पडद्यावर एकामागून एक साठ शब्द येतात आणि प्रत्येकासाठी पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात शब्द वाचायचा, मनात आलेले वाक्य लिहायचे आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे. ‘भीती’ किंवा ‘पराभव’ असा शब्द आला आणि उमेदवार पाठ केलेले वाक्य आठवत बसला, तर पुढचा शब्द समोर उभा असतो. शिवाय मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे अधिकारी आणि मैदानावरील अधिकारी असे तिघे त्याला स्वतंत्रपणे जोखतात, त्यामुळे कागदावरचे धाडस मैदानात दिसले नाही तर ती विसंगती लपत नाही.

मग टिकते कोण? अमेरिकेतील वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या दहा हजारांहून अधिक कॅडेटांविषयीचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना त्या कामाचीच ओढ होती, त्यांचे अधिकारी होण्याचे आणि सेवेत टिकण्याचे प्रमाण अधिक होते. परंतु त्या ओढीच्या जोडीला पगार, प्रतिष्ठा अशा लाभांची इच्छाही तीव्र असेल, तर ते घटत होते. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरातील मुलाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे अन्यायाचे ठरेल, कारण लागोपाठ दोन हंगाम हातचे गेलेल्या घरात पगाराला लोभ म्हणता येत नाही. तरीही तयारी करून घेणाऱ्यांनी त्याच्याकडून आदर्श उत्तरे घोकून घेण्यापेक्षा, फौजेतले नेमके कोणते काम तुला करावेसे वाटते, हे त्याला आधी विचारले पाहिजे, असे आम्हाला मनापासून वाटते.

याची खरी गरज नापसंतीनंतर भासते. निवड न होण्याचे कारण मंडळ सांगत नाही. मुलगा गावी परततो, पारावर चौकशा होतात आणि आपले काय चुकले हे त्याचे त्यालाच शोधावे लागते. वयाची अट ओलांडेपर्यंत पुन्हा प्रयत्न करता येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडले जाणारे उमेदवार दुर्मीळ नाहीत.